सेंटरचा पाय

बेव्हर्ली पार्कातल्या त्या तपासणी केंद्रात रोज सकाळी साडेआठला पहिला पेशंट असायचा तो ज्ञानदेव. त्याला काही आजार होता म्हणून नव्हे, नव्हता म्हणून.

केंद्राचं पाटीवरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. रिक्षावाल्यांपासून पेशंटांपर्यंत सगळे त्याला नसांचं सेंटर म्हणत. तिथे सुई टोचत नसत, रक्त काढत नसत. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना हवेचे पट्टे गुंडाळायचे, माणसाला दहा मिनिटं निपचित पडू द्यायचं आणि बटण दाबायचं. चारही पट्टे एकदम फुगत, मग सावकाश सैल होत आणि मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येई. घोट्यापाशी रक्ताचा दाब किती, दंडापाशी किती, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागलं की किती, ते त्या पट्टीवर असे. निरोगी माणसाचं उत्तर एकाच्या थोडं वर येतं. शून्य पॉइंट नऊच्या खाली गेलं, तर पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत कुठेतरी अडलंय असं समजायचं.

मशीन बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने अकरा वर्षांपूर्वीच बजावलं होतं, की रोज काम सुरू करण्याआधी एका धडधाकट माणसावर मशीन चालवून बघा. माणूस तोच ठेवा, बदलू नका. त्याचा आकडा रोज तेवढाच आला की मशीन ठीक. तेव्हा केंद्रात पाच जण नोकरीला होते. पाचही जणांकडून फॉर्म भरून घेतला. साखर, प्रेशर, घरात कोणाला हार्टचा त्रास, तंबाखू, धूम्रपान. एकाला साखर निघाली, एकाला प्रेशर. एक बाई गरोदर होती. चौथा मावा खायचा आणि ते लपण्यासारखं नव्हतं. उरला ज्ञानदेव. अठ्ठेचाळीस वर्षांचा, सडपातळ, पेणकरपाड्याहून रोज चालत येणारा. त्याच्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत 'नाही' होतं. त्यातला शेवटचा 'नाही' खोटा होता.

बिडी त्याला भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात लागली. वसमतजवळच्या गावाहून तो अठराव्या वर्षी आला आणि स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारायला उभा राहिला. दिवसभर धुरळ्यात तोंडं काळी झालेली माणसं मधूनमधून बाहेर येऊन बिडी ओढत. बिडी न ओढणाऱ्याला बाहेर यायला सबबच नव्हती. पुढे छाती भरायला लागली म्हणून त्याने कारखाना सोडला, एका नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय झाला आणि तिथून या केंद्रात आला. कारखाना सुटला तरी बिडी सुटली नाही. फॉर्म भरताना त्याने स्वतःला सांगितलं होतं, येत्या आठवड्यात सोडणारच आहोत, मग 'नाही' लिहायला काय हरकत आहे. मुलीचं नाव पंचशीला ठेवलेला आणि विहारात दर पौर्णिमेला खोटं न बोलण्याचं शील मोठ्याने म्हणणारा माणूस तो. तो आठवडा अकरा वर्षं लांबला. दुपारी जेवण झाल्यावर इमारतीमागच्या ट्रान्सफॉर्मरपाशी एक, संध्याकाळी घराच्या अलीकडे एक. त्यावर वास लपवायला बडीशेप.

एवढं सोडलं तर माणूस सरळ होता. पेशंटची चप्पल सरळ करून ठेवणारा, म्हाताऱ्यांना खाटेवरून उठवताना आधी स्वतःचा हात पुसणारा. आणि त्याला त्या पायाचा अभिमान होता. मॅनेजर कौस्तुभ नव्या डॉक्टरांना केंद्र दाखवताना त्याच्याकडे बोट करून म्हणायचा, "हा आमचा स्टँडर्ड. अकरा वर्षं एक पॉइंट एक." मग सगळेच त्याला सेंटरचा पाय म्हणायला लागले. त्याची बायको वैजयंता म्हणायची, "पाय सेंटरचा, पोट माझ्याकडं. मधलं काय कुणाला दिलंय का अजून?"

गेल्या थंडीपासून डाव्या पोटरीत काहीतरी सुरू झालं. घरून निघून साताठ मिनिटं चाललं की पोटरी आवळून यायची, कुणी आतून पिळा घालतंय तशी. दोन मिनिटं उभं राहिलं की आपोआप ओसरायची. पुन्हा चाललं की पुन्हा. वय झालं, त्याने ठरवलं. नस दबली असेल. मार्चमध्ये साठ पूर्ण होऊन नोकरी संपणार होती, तोवर ढकलायचं.

पण रस्त्याच्या मधोमध विनाकारण उभं राहणं वाईट दिसतं. म्हणून त्याने थांबायच्या जागा धरल्या. पहिली फुलवाल्यापाशी. दुसरी एका इस्टेट एजंटच्या दुकानाबाहेर, जिथे विकाऊ फ्लॅटांचे कागद काचेवर चिकटवलेले असत. तो हात मागे बांधून ते वाचत उभा राहायचा. महिन्याभरात त्याला त्या भागातल्या सगळ्या रिकाम्या फ्लॅटांची माहिती झाली. एजंट शेवटी बाहेर आला.

"चाचा, रोज देखते हो. वन बीएचके चाहिए या टू?"

"अभी देख रहा हूँ," ज्ञानदेव म्हणाला.

"देखो, देखो. आराम से देखो. लिफ्टवाला दूँगा, इस उमर में घुटना संभालना चाहिए."

ज्ञानदेव मान डोलावून पुढे निघाला.

सकाळच्या पट्टीवर डाव्या पायाचा आकडा हळूहळू उतरत होता. १.०८. १.०५. पुढे १.०१. रोजचा आकडा कालच्यासारखाच दिसायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. उजवा पाय जागच्या जागी होता. मग एका मंगळवारी डाव्याचा आकडा सरळ ०.८९ आला.

"काका, हललात का?" पायलने विचारलं. ती तिथली टेक्निशियन. सत्तावीस वर्षांची, कामाला नेटकी, आणि तिच्या आवाजात कायम अर्धी घाई असायची.

"मी? मी तर झोपलो होतो."

"घोरत होता ते ऐकलं मी. परत करू."

परत ०.८८ आला. पायलने घोट्याचा पट्टा काढून नवा लावला. तरी ०.८८. तिने कौस्तुभला बोलावलं. कौस्तुभने पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, जशी काही नोट खरी की खोटी ते बघतोय.

"मशीन गेलं," तो म्हणाला.

त्याने सर्व्हिस इंजिनियरला फोन लावला. नीरज नावाचा तो मुलगा इंदूरला दुसऱ्या कामात अडकला होता. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, "सर, सोमवार के पहले नहीं आ पाऊँगा. तब तक किसी और आदमी पे भी एक बार चेक कर लो."

कौस्तुभ स्वतःच आडवा झाला. त्याचा उजवा १.१२ आला, डावा १.०४. एवढा फरक कोणाच्याही दोन पायांत असतो. पण ज्याला मशीन बिघडलंय हे आधीच पटलेलं आहे त्याला तेवढाही पुरतो.

"बघितलंस? माझाही डावा कमी. मशीन डाव्याला खातंय." तो उठून शर्ट खोचू लागला. "काकांचा किती असतो? एक पॉइंट एक. आला किती? पॉइंट अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पॉइंट दोन खातंय. सोमवारपर्यंत डाव्या पायाला पॉइंट दोन वाढवून रिपोर्ट टाईप कर."

"सर, असं चालतं?"

"मग काय सात दिवस शटर पाडू? घड्याळ दहा मिनिटं मागे असलं तर तू काय करतेस? मनात दहा मिळवतेसच ना?"

"पण घड्याळ मागे आहे हे कशावरून?"

"काकांवरून!" कौस्तुभ म्हणाला आणि ज्ञानदेवच्या खांद्यावर थाप मारून बाहेर गेला.

पायलने एक रिकामा खोका घेतला आणि ज्या पेशंटचा आकडा बदलावा लागेल त्याची मूळ पट्टी त्यात ठेवायची असं ठरवलं. ज्ञानदेवने ते पाहिलं. तो बूट घालत होता. बूट घालायला त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो पावणेआठलाच आला. चावी त्याच्याकडेच असायची. त्याने दार आतून लावून घेतलं आणि स्वतःला पट्टे बांधले. दंडाचे बांधायला दातांची मदत घ्यावी लागली. पण घोट्यांचे त्याने उलटे बांधले. डाव्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला. अकरा वर्षं बघून त्याला एवढं कळत होतं. पट्टा किंवा नळी खराब असेल, तर कमी आकडा डाव्या रकान्यातच येईल. पाय खराब असेल, तर आकडा पायाबरोबर जाईल.

दहा मिनिटं तो छताकडे बघत पडून राहिला. मग हात लांबवून बटण दाबलं.

पट्टीवर उजव्या रकान्यात ०.८८ होतं आणि डाव्यात १.१०.

त्याने ती पट्टी चार घड्या घालून खिशातल्या पाकिटात, आधार कार्डामागे ठेवली. पट्टे पुन्हा जागच्या जागी लावले. दार उघडलं. साडेआठला पायल आल्यावर पुन्हा पहिला पेशंट म्हणून झोपला.

बोलावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण बोलायचं म्हणजे बिडीपासून बोलायला लागणार. नर्सिंग होममध्ये असताना त्याने अशा माणसांच्या खुर्च्या ढकलल्या होत्या, ज्यांचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. चादरीखाली जिथे उंचवटा असायला हवा तिथे सपाट असायचं. ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. शिवाय सोमवारी नीरज येणारच होता. तो मशीन तपासेल, मशीन चांगलं निघेल, आणि जे कळायचं ते सगळ्यांना आपोआप कळेल. आपण कशाला पुढे व्हायचं? चारपाच दिवसांचा तर प्रश्न. तो या विचाराशी रात्री झोपायचा आणि सकाळी जास्त थकून उठायचा.

"आवो, तुम्ही चालत येताय का रांगत?" बुधवारी वैजयंताने विचारलं. "पूर्वी सातला घरात असायचात."

"काम वाढलंय."

"कामाचं माणूस बूट घालून पायरीवर बसत नसतंय. काल वरनं बघितलं मी. पोटरी धरून बसला होतात."

"गोळा आला होता."

त्या रात्री तिने खोबरेल तेल गरम करून आणलं आणि त्याची पोटरी चोळली. पावलाला हात लागताच म्हणाली, "हे एवढं गार कसं? उजवं तर ऊन हाय." रक्तवाहिनीचं दुखणं तेलाने चोळून जात नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी पाय काढून घेववेना.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला सेलेस्टिन आली. उत्तनची, साठीच्या पुढची, अंगाने भक्कम. बोंबील सुकवायच्या वलांड्यांवर तिचं आयुष्य गेलेलं. त्या बांबूंच्या मांडवाची एक तार डाव्या अंगठ्याला लागली होती, त्याला दीड महिना झाला. जखम भरत नव्हती. अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं आणि एका पायात मुलाची सैल चप्पल होती.

"सुई न्हाय ना?" तिने आधी विचारलं.

"नाही, बाई. नुसती हवा."

"मंग आतलं दिसणार कसं?"

हा प्रश्न दिवसातून दहा जण विचारत. ज्ञानदेव पट्टा गुंडाळता गुंडाळता नेहमीसारखं सांगू लागला. "बागेत पाणी घालायचा पाइप असतो ना, त्यावर मध्येच कुणी पाय ठेवला तर टोकाला धार बारीक होते की नाही? मग पाइप फोडून बघावा लागत नाही. टोकाला जोर किती ते बघितलं की कळतं मध्ये अडलंय. घोटा म्हणजे ते टोक."

"पाय आदीपासून दुखतो. आमच्या गावचा डाक्टर बोल्ला, नस दबली हाय. कमरेला पट्टा दिला. दोन महिने बांधला. कंबर बरी झाली, ती दुखतच नव्हती. पाय हाय तसाच."

"ती नस वेगळी. ती दुखणं कळवणारी. ही रक्ताची."

"दोघींचं नाव एकच?"

"बोलताना एकच म्हणतात."

"मंग त्या डाक्टराची तरी काय चूक," सेलेस्टिन म्हणाली. "एका घरात दोन मेरी असल्या का हाक मारल्यावर भलतीच येते."

पायल हसली. तिने बटण दाबलं. पट्टे फुगले. ज्ञानदेव नेहमी या वेळी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचा. आज त्याची नजर पडद्यावर होती. उजवा १.०३. डावा ०.७२.

पायलने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मूळ पट्टी खोक्यात टाकली आणि टाईप केलं: ०.९२. शून्य पॉइंट नऊच्या वर असलं की तो आकडा कॉम्प्युटर आपोआप हिरवा छापतो, खाली असलं की लाल. रिपोर्ट हिरवा निघाला. पाकिटात घालून द्यायचं काम ज्ञानदेवचं.

"पास का नापास?" सेलेस्टिनने विचारलं.

"हिरवं आहे," तो म्हणाला.

"देवाची दया. मंग तो पट्टाच बांधते परत."

ती पिशवी उचलून निघाली. ज्ञानदेव दारापर्यंत गेला, पेशंटला सोडायला जायचा तसा, आणि तिथेच उभा राहिला. सेलेस्टिन फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. शंभरेक पावलं गेली. तिची चाल जरा आखडली. मग ती थांबली. कुठे थांबावं हे तिने आजूबाजूला बघून ठरवलं आणि इस्टेट एजंटच्या काचेपुढे जाऊन उभी राहिली. हात मागे बांधून फ्लॅटांचे कागद वाचू लागली.

ज्ञानदेवला ती काच पाठ होती. तिसऱ्या ओळीत एक सातव्या मजल्याचा फ्लॅट होता, तो चार महिने विकला जात नव्हता. ती बाई आता तोच वाचत असणार. दोन मिनिटं वाचेल, पोटरी मोकळी होईल, मग पुढच्या थांब्याला जाईल. घरी जाऊन कमरेला पट्टा बांधेल. अंगठा काळा पडेपर्यंत बांधेल. कारण रिपोर्ट हिरवा आहे. आणि रिपोर्ट हिरवा आहे, कारण ज्ञानदेवचा पाय कधी चुकत नाही.

तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. घाईने चालला म्हणून पोटरीने नेहमीच्या आधीच धरलं. काचेपाशी पोचेपर्यंत तोही लंगडत होता. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

एजंट बाहेर आला. "अरे चाचा! आज चाची को भी लाए? देखो आंटी, सेवंथ फ्लोर, सी ब्रीझ..."

"मी उत्तनची हाय," सेलेस्टिन त्याला म्हणाली. "वारा मना विकतोस?"

एजंट हसत आत गेला. ज्ञानदेव म्हणाला, "वाचताय का?"

"चश्मा घरी हाय." तिने नजर काचेवरून काढली नाही. "तुमी?"

"माझं सगळं वाचून झालंय. चार महिने झाले." त्याने हात पुढे केला. "बाई, ते पाकीट द्या इकडे. रिपोर्ट चुकलाय. परत चला."

"आता? एवढी चालून आले मी!"

"थांबत थांबत जाऊ."

"तुमीच चुकवता, तुमीच बोलावता. दुकान हाय का सेंटर?"

"ओरडा पाहिजे तेवढं. पण चला."

ती पुटपुटत निघाली. शंभर पावलांच्या वाटेत दोघं दोनदा थांबले. एकदा तिच्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. दुसऱ्यांदा तिने त्याच्या पायाकडे पाहिलं आणि मग पुटपुटणं बंद केलं.

कौस्तुभ काउंटरवरच होता. ज्ञानदेवने खिशातल्या पाकिटातून, आधार कार्डामागून, ती चार घड्यांची पट्टी काढून पुढे ठेवली.

"हे काय?"

"बुधवारी सकाळी मी काढली. पट्टे उलटे लावून. मशीन चांगलं आहे, सर. पाय माझा गेलाय."

कौस्तुभने पट्टी वाचली. त्याला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. पायलला अजिबात वेळ लागला नाही. ती खुर्चीतून उठून उभीच राहिली.

"काका, बुधवारी? आज शुक्रवार आहे."

"हो."

"तुम्ही तर... तुम्हाला साखर नाही, प्रेशर नाही. तुम्ही आमचे—" कौस्तुभ पट्टी उलटसुलट करत म्हणाला.

"बिडी ओढतो मी. अठराव्या वर्षापासून. फॉर्मवर खोटं लिहिलं होतं."

काउंटरपाशी बसलेले दोन पेशंट वर बघू लागले. सेलेस्टिन म्हणाली, "ट्रान्सफॉर्मरमागं ओढता ना? मी येताना तिकडूनच आले. थोटकं बगितली."

कौस्तुभचा चेहरा लाल झाला होता. तो ओरडेल असं ज्ञानदेवला वाटलं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो खाली बसला आणि म्हणाला, "किती रिपोर्ट गेले?"

"डाव्या पायाचे सगळेच," पायल म्हणाली. "पण लालचे हिरवे झालेले या मावशी धरून तीन." तिने खोका काढला. मूळ पट्ट्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या.

"तू ठेवल्यास?"

"मला घड्याळावर विश्वास नव्हता, सर."

कौस्तुभने खोका स्वतःकडे ओढला आणि फोन उचलला. पहिला फोन त्याने स्वतः केला. "नमस्कार, सेंटरमधून बोलतोय. तुमच्या रिपोर्टमध्ये आमच्याकडून चूक झाली आहे," असं तो म्हणाला. 'आमच्याकडून' हा शब्द उच्चारताना त्याने ज्ञानदेवकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग दुसरा फोन. तिसऱ्या पेशंटला फोन करायची गरज नव्हती. ती पंख्याखाली बसून अंगठ्याचं फडकं नीट करत होती.

शुक्रवार हा रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचा वार होता. ते एक वाजता येत. कौस्तुभने दोन नावं वरच्या क्रमांकाला घातली. दुसरं नाव घालताना विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव काय हो?" अकरा वर्षांत ते त्याला कधी लागलं नव्हतं.

पायल नवा फॉर्म घेऊन आली. पेशंटचा, गुलाबी. ती त्याच्याशेजारी बसली आणि एकेक विचारत गेली. आवाजातली घाई गेली होती, पण रागही पूर्ण गेला नव्हता.

"साखर?"

"नाही."

"प्रेशर?"

"नाही."

"किती चालल्यावर दुखतं?"

"घरापासून फुलवाल्यापर्यंत."

"काका."

"सात मिनिटं."

"धूम्रपान?" तिने पेन उचलून धरलं.

"आहे. एकेचाळीस वर्षं. दिवसाला दोन. आधी जास्त. आज दुपारची राहिली आहे."

"ती राहूच दे," पायल म्हणाली आणि लिहून घेऊन गेली. दारापाशी वळून म्हणाली, "उद्या सकाळी कोणाला झोपवू?"

काउंटरमागून कौस्तुभच म्हणाला, "मला. आणि माझा फॉर्म आधी भरून घे."

ज्ञानदेव पेशंटांच्या खुर्च्यांपाशी आला. या खुर्च्या तो रोज पुसायचा. बसला कधी नव्हता. सेलेस्टिनने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पिशवीला सुक्या बोंबलाचा वास होता. तो बसला, आणि बसल्यावर त्याला कळलं की आपण किती दिवस नुसते उभेच होतो.

वैजयंताला फोन करायला हवा होता. काय सांगायचं, ते तो मनात लावून बघत होता. पाय गार का होता ते सांगायचं, आणि बडीशेप कशासाठी होती तेही. दुसरं अवघड होतं.

"तुमचा किती आला?" सेलेस्टिनने विचारलं.

"पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

"आन माजा खरा?"

"पॉइंट बहात्तर."

तिने थोडा हिशेब केल्यासारखं केलं. "मंग तुमी पास."

"नाही, बाई. नव्वदला पास आहे. तुम्ही आणि मी, दोघंही नापास."

"दोन मार्कांनी नापास झालात," ती म्हणाली. "लई वाईट वाटत असंल."

त्याला हसू आलं, पण त्यासाठीही थोडा जोर लावावा लागला. समोर भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. डॉक्टर यायला अर्धा तास होता. त्याने डावा बूट काढला, पाय मोकळा केला आणि फोन हातात घेतला.